माती न खरवडता उभारलेली वस्ती

कॅरिबियन समुद्रातील सेंट जॉन हे बेट १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अमेरिकेकडे आले आणि लॉरन्स रॉकफेलर यांनी दिलेल्या जमिनीवर तेथे १९५६ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. या बेटावर स्टॅन्ली सेलेंगट यांनी १९७६ मध्ये माहो बे येथे उभारलेली तंबू-कुटींची वसाहत, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या खोल्या, आजही अभ्यासण्याजोगी आहे. तीव्र उतारावरची झाडी तोडली, की पावसाबरोबर मोकळी माती खाडीत उतरते, पाणी गढुळते आणि प्रवाळाच्या, म्हणजे सूक्ष्म जीवांनी रचलेल्या चुनखडी वसाहतींच्या, शरीरात राहणाऱ्या शैवालांना सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. म्हणूनच येथे कुटी खांबांवर उचलून धरल्या होत्या, त्यांना जोडणाऱ्या वाटा फळ्यांच्या होत्या आणि नळ व विजेच्या तारा चर न खणता त्या फळ्यांखालूनच नेल्या होत्या. पावसाचे पाणी फळ्यांच्या फटींतून ठिबकत थेट खालच्या झुडपांवर पडे; बांधकामातील ही नम्रता खरोखर दुर्मीळ होय. भाडेपट्टा संपल्यामुळे २०१३ मध्ये ही वसाहत बंद झाली. जवळच्या सिनॅमन बे येथील तंबूतळाची २०१७ च्या ‘अर्मा’ चक्रीवादळाने वाताहत केली. मात्र पुनर्बांधणीनंतर तेथे प्रवासी पुन्हा उतरू लागले आहेत.