सिद्दींची कवंदी आणि धर्माचे रकाने

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींची ओळख करून देताना पहिल्या वाक्यातच त्यांची वाटणी होते: हल्याळकडचे बहुतेक मुसलमान, मुंडगोडकडचे ख्रिस्ती, यल्लापूरकडचे हिंदू. ढोबळमानाने ते खरंही आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी काही पळून घाटावरच्या रानात शिरली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या धर्म वेगवेगळे झाले. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून आपल्याच राज्यातल्या या लोकांचं कोष्टक आखायचं, तर तीन रकाने पुरतील. कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवणाऱ्या सिद्दी बाईचं काम मात्र या रकान्यांत बसत नाही. खाली जुनं लुगडं पसरायचं, एका कोपऱ्यापासून कडेकडेने चिंध्यांची ठिगळं कडा दुमडून धावदोऱ्याने बसवत जायचं, फेऱ्यांमागून फेऱ्या घालत मध्यावर यायचं. कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी फुलं हवीतच. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी. मधलं शेवटचं ठिगळ बंद करण्याआधी काहीजणी आत तांदळाचे दाणे ठेवतात, गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. हे कुठल्या धर्मग्रंथात सापडायचं?

कुणी म्हणेल, मुसलमान बाईच्या कवंदीवर चंद्रकोर येते, ख्रिस्ती बाईच्या कवंदीवर क्रूस. म्हणजे फरक आहेच. आहे, पण तो वरच्या ठिगळात. टाक्याची रीत आणि कोपऱ्यातली फुलं दोघींची सारखीच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: गोधडी तर दख्खनभर शिवतात, यात आफ्रिकी काय? ते सिद्ध करण्याची मला गरज वाटत नाही. मुद्दा उगमाचा नाही, सामायिकपणाचा आहे. आणि त्याला कवंदीबाहेरही पुरावा आहे. हिरियारूंना, म्हणजे घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना, पुजण्याची रीत धर्म ओलांडून टिकली आहे, आणि यल्लापूरजवळच्या सातुंबैलच्या सिद्दीनास देवाच्या उत्सवाला तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात. २००३ मध्ये या जिल्ह्यातले सिद्दी अनुसूचित जमातींच्या यादीत आले. अनुसूचित जातींसारखी धर्माची अट तिथे नसल्याने तिघांनाही जागा मिळाली. मग ही एकी सवलतींपुरतीच, असा संशय कुणी घेईल. सवलतींनी ती बळकट झाली असेल; पण पूर्वजांपुढे नारळ ठेवणं सरकारी यादीच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.