धातूत कालवलेली राख

ट्रॅक्टर ऑइल खाऊ लागला, निळसर धूर मारू लागला, की रिसोड तालुक्यातल्या रिठदपासून वाशिमपर्यंत कुठलाही मेस्त्री आधी ‘ब्लॉक-पिस्टन’चं नाव काढतो. इंजिन खोललंच तर पिस्टनची सगळ्यात वरची खाच नीट पाहा. ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये तेवढ्याच जागी अनेकदा लोखंडाचं कडं बसवलेलं असतं. पोलादाची घनता ७.८, ॲल्युमिनियमची २.७, म्हणून पिस्टनला हलका धातू हवा. पण ज्वाळेच्या इतक्या जवळ तो मऊ पडतो आणि रिंग आपटून आपटून खाच रुंदावते.

१९८३ मध्ये जपानच्या टोयोटाने हे लोखंडी कडं काढून टाकलं. साच्यात सिरॅमिकच्या बारीक तंतूंचं कडं ठेवलं आणि वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाखाली त्यात मुरवलं. खाच तेवढी तंतूंनी बळकट झाली, बाकी पिस्टन नेहमीचाच राहिला. हलक्या धातूत असे तंतू किंवा कण मिसळून केलेल्या संमिश्रांनी मोटारींच्या कारखान्यात पाय रोवला तो इथे.

तंतू महाग, कण स्वस्त. भारतात काम झालं ते मुख्यतः कणांवर. धातुशास्त्रज्ञ प्रदीप रोहतगी यांनी १९६० च्या दशकातच वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ग्रॅफाइटचे कण मिसळले होते. पुढे बंगळुरू, तिरुवनंतपुरम आणि भोपाळच्या प्रयोगशाळांत त्यांनी हा विषय रुजवला. कृती ऐकायला सोपी आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मुशीतला रस ७०० च्या वर न्यायचा, पाती फिरवून त्यात भोवरा करायचा आणि सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड हळूहळू सोडायची. पण पिठल्याचं बेसन घाईने टाकलं की जशा गुठळ्या होतात, तशाच इथेही होतात, आणि गुठळीच्या पोटात हवा अडकते. त्यातच वितळलेला धातू या कणांना सहजी चिकटत नाही. म्हणून पूड आधी भाजून तिचा ओलावा घालवायचा, रसात थोडं मॅग्नेशियम घालायचं.

चिकटण्याचाही अतिरेक नको. रस फार तापला तर ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडलाच खाऊ लागतं आणि दोघांच्या सीमेवर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ तर असतंच, शिवाय दमट हवेत पाण्याशी संयोग होऊन त्यातून मिथेन सुटतो आणि ओतीव तुकडा आतून पोखरला जातो. रसात सिलिकॉनचं प्रमाण आधीच भरपूर ठेवलं तर ही खोड दबते. माझ्या मते या विषयातली खरी कारागिरी त्या केसाहून बारीक सीमेवरच आहे.

जमलं तर फळ मोठं. २० टक्के कण घातले की ताठपणा ७० गिगापास्कलवरून १०० च्या आसपास जातो, वजन जवळजवळ तेवढंच राहतं, झीज कमी होते. कणांचं प्रमाण ६० टक्क्यांवर नेलं तर उष्णतेने होणारं प्रसरण ॲल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी होतं. विजेवर धावणाऱ्या रेल्वे इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक्सखाली असे पत्रे बसवतात. मोबदल्यात लवचिकता जाते. पट्टी वाकण्याआधीच तुटते.

मिसळायच्या कणांमध्ये वऱ्हाडाच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाची वाटते ती राख. आपल्या दगडी कोळशात ३० ते ४० टक्के राख असते आणि अकोला जिल्ह्यातलं पारस, नागपूरकडचं कोराडी, शिवाय चंद्रपूर, इथली वीजकेंद्रं ती रोज बाहेर टाकतात. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. काही कण तर आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारे. राखेच्या तळ्यांवर त्यांचा फिकट थर जमतो. रोहतगींनी पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत ही राख ॲल्युमिनियममध्ये कालवून हलकं, स्वस्त संमिश्र केलं. त्याने धातू वाचतो आणि धातू गाळण्यात जाणारी वीजही.

नागपुरात १९८९ पासून ॲल्युमिनियमच्या संशोधनाचं जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, राख तर दाराशी आहे. अडचण वेगळीच. राखेतल्या सिलिकाचा आणि लोहाच्या ऑक्साइडचा प्राणवायू ॲल्युमिनियम हिसकावून घेतं, आणि खाणीगणिक राखेचे घटकही बदलतात. आजची ओतणी उद्या तशीच उतरेल असं नाही. म्हणून अशा धातूचं पहिलं काम पिस्टनचं नसावं. ज्यांच्यावर फार ताण नाही अशी झाकणं, पुली, पंपांची आवरणं आधी ओतून पाहावीत, आणि तीही शक्य तितकी नेमक्या आकारात. कारण या धातूवर लेथची साधी पाती बोथट होतात, हिऱ्याच्या टोकाची हत्यारं लागतात, आणि तालुक्याच्या वर्कशॉपला ती परवडत नाहीत.