आहेराचे कार्ड आणि त्याची मुदत

लग्नाच्या आहेरात पाकिटातील नोटेऐवजी गिफ्ट कार्ड येऊ लागले, तेव्हा देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात न येणारा एक फरक पडला : नोटेवर मुदत छापलेली नसते, कार्डावर असते. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानाने स्वतःपुरते काढलेले व्हाउचर आणि बँकेने दिलेले प्लास्टिकचे कार्ड ही दोन्ही आगाऊ भरलेल्या पैशांचीच रूपे असली, तरी कायदा त्यांच्याकडे एका नजरेने पाहत नाही, आणि मुदत टळल्यावर रक्कम हाती येणार की बुडणार हे बहुतांशी त्यावरच ठरते.

बँकेचे किंवा परवानाधारक कंपनीचे, अनेक दुकानांत चालणारे कार्ड हे ‘प्रीपेड साधन’, म्हणजे आधी पैसे भरून नंतर खरेदीला वापरायचे साधन, ठरते आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे 2021 चे निर्देश लागू होतात. त्यांनुसार गिफ्ट कार्ड 10,000 रुपयांपर्यंतचेच असते, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, आणि त्याची मुदत किमान 1 वर्षाची असावी लागते. सर्व शुल्क व मुदतीच्या अटी कार्ड देतानाच सोप्या भाषेत सांगाव्या लागतात आणि मुदत संपण्यापूर्वीच्या 45 दिवसांत ग्राहकाला सूचना द्यावी लागते. बँकेतर कंपनीला शिल्लक रक्कम मुदतीनंतर किमान 3 वर्षे आपल्या नफ्या-तोट्याच्या खात्यात वळवता येत नाही, आणि मुदत उलटल्यावर धारकाने मागणी केली तर ती त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते, आणि ती ठाऊक करून देण्याची घाईही कोणाला नसते. अमेरिकेत 2009 च्या कायद्याने गिफ्ट कार्डातील रकमेला किमान 5 वर्षे दिली असून, कार्ड 12 महिने पडून राहिल्याखेरीज त्यावर न वापरल्याचे शुल्क लावता येत नाही. त्या मानाने आपले एक वर्ष तोकडेच आहे.

एकाच दुकानात चालणाऱ्या व्हाउचरला मात्र यातले काहीच लागू नाही, कारण ‘बंद पद्धतीचे’ साधन म्हणून रिझर्व्ह बँक त्याला आपल्या परवानगीच्या कक्षेबाहेर ठेवते. तीन महिन्यांची मुदत, उरलेले पैसे परत न देण्याची अट, सणाच्या सवलतीत व्हाउचर न चालणे, हे सारे दुकानदारच ठरवतो. अशा वेळी आधार उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा : अनुचित व्यापारी प्रथा किंवा सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे येथे कोल्हापूरच्या, ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. अटच एकतर्फी आहे, म्हणजे करार ‘अनुचित’ आहे, असे म्हणणे असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते, जे पाचशे रुपयांच्या व्हाउचरसाठी क्वचितच कोणी करील.

तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मर्यादा आहे. पण गुळगुळीत कागदावर छापलेल्या पावतीची शाई कपाटात त्याच्या कितीतरी आधी उडते, म्हणून व्हाउचर हाती पडताच त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि पावतीचे छायाचित्र काढून ठेवलेले बरे.