कांद्याच्या पत्तीपासून गोधडीच्या गिऱ्हाइकापर्यंत

नाशिक जिल्ह्यात रंगकामाचा कच्चा माल उकिरड्यावर पडलेला असतो. लासलगाव, पिंपळगावच्या खळ्यांवर कांदा निवडताना गळणारी पत्ती, म्हणजे वरची सुकी साल, आणि सटाणा-देवळा पट्ट्यातल्या डाळिंबांची टरफलं, या दोन्हींतून सुती कापडाला छान रंग चढतो. आपल्याला गोधड्या शिवायची आणि कापड रंगवायची हौस असेल आणि त्यातून घरबसल्या कमाई व्हावी असं वाटत असेल, तर रंगाचा मुख्य माल जवळजवळ फुकट आहे. महाग आहे तो आपला वेळ, आणि हिशोबात बहुतेक जणी नेमका तोच धरत नाहीत. त्याकडे पुढे येऊच.

आधी वर्षाची आखणी करा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेच्या सुमारास निघतो. तेव्हा पत्ती कोरडी असते आणि ऊन कडक, म्हणून रंगकाम तेव्हाच उरकावं. पावसाळ्यात ओलं कापड दिवसेंदिवस वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. ते महिने शिवणाचे. विक्री दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात तेव्हा. ऑक्टोबरात रंगवायला घेऊन दिवाळीत विकू म्हटलं, तर गोधडी हातातून सुटेपर्यंत थंडी संपलेली असते.

पहिली पायरी कापडाची. मालेगावच्या मागांवरचा कोरा मांजरपाट जवळ मिळतो, पण मागावरचं सगळंच कापड सुती नसतं. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी दोन धागे ओढून काडीने पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरला हे रंग धरतच नाहीत. जुन्या साड्यांचीही हीच परीक्षा घ्या.

दुसरी पायरी कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच ती चुकवली जाते. कोऱ्या कापडात खळ आणि तेलकटपणा असतो. कोरडं कापड तोलून घ्या. दर किलोला साधारण ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण भरपूर पाण्यात घालून कापड तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट झालं की खळ निघाली समजा. रंगात नंतर जे ढग-ढग दिसतात, त्यातले बरेचसे इथल्या आळसाचे असतात. शिवाय कापडाला जे आकसायचं ते इथेच आकसून घेतं. नाहीतर गिऱ्हाइकाच्या पहिल्याच धुण्यात गोधडी गोळा होते.

आता रंगबंधक, म्हणजे रंगाला धाग्याशी बांधून ठेवणारा पदार्थ. नुसती हळद किंवा नुसती पत्ती उकळून आलेला रंग चार धुण्यांत निघून जातो. सुती कापडाला आधी हिरडा लागतो. किलोमागे २०० ग्रॅम पूड पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवा, पिळा आणि न धुता वाळवा. मग १५० ग्रॅम फिटकरी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, त्यात कापड पुन्हा रात्रभर ठेवा आणि हलकंसं खळबळून घ्या. मोरचुदानेही रंग बांधला जातो, पण तो विषारी आहे. घरात, पोराबाळांत तो आणूच नये. भांडी स्टीलची आणि फक्त रंगकामाचीच ठेवा. स्वयंपाकाचं पातेलं एकदा इथे आलं की परत ओट्यावर जाणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

रंगवायच्या दिवशी कापडाच्या वजनाइतकी पत्ती तासभर उकळून गाळून घ्या. बुरशीची काळी भुकटी धरलेली पत्ती आधीच टाकून द्या. ओलं कापड पाण्यात मोकळं सोडा, मंद आचेवर पाऊण तास सतत हलवत ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. सोनेरी ते नारिंगी रंग येतो. लाल कांद्याची पत्ती जास्त गडद छटा देते. डाळिंबाच्या टरफलांचा पिवळा शांत असतो आणि उन्हालाही बऱ्यापैकी टिकतो. हळद दिसायला झळझळीत, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल पडते. विकायच्या मालात ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच कापडाला किलोमागे १० ते २० ग्रॅम हिराकसाचं पाणी दिलं, तर पत्तीचा रंग शेवाळी होतो आणि डाळिंबाचा राखाडी. एका कढईतून दोन-दोन छटा मिळाल्या की ठिगळांची जुळणी सोपी जाते. हिराकस वाढवायचा मोह मात्र टाळा. त्याने सुती धागा कमजोर होतो आणि गोधडी वर्षा-दोन वर्षांत विरते.

पाणी कुठलं, हे विसरू नका. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यावर एकच रंग वेगवेगळा येतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळा आपोआप मळकट होतो. म्हणून प्रत्येक खेपेला वहीत कापडाचं वजन, पत्ती, फिटकरी, पाणी, वेळ लिहा आणि शेजारी कापडाचा तुकडा टाचा. ‘ताई, मागच्यासारखीच अजून दोन द्या’ असं गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा ही वही कामी येते. फिटकरीचं पाणी पुन्हा वापरता येतं, आणि गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यात ते ओतू नये.

शिवण्याआधी दोन चाचण्या घ्या. ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री दाबा. फडक्याला डाग आला तर कापड पुन्हा धुवा. दुसरा तुकडा पुठ्ठ्याने अर्धा झाकून पंधरवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. पत्तीचा रंग थोडा उतरतो. किती, ते गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलेलं असावं.

शिवण आपल्याला येतेच, म्हणून एवढंच सांगते की सगळे थर जमिनीवर ताणून अंथरा आणि आधी वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा घाला. मग कडेकडून आत धावदोरा घालत या. कच्चा दोरा टाळला की थर सरकतात आणि मध्ये फुगा राहतो, तो नंतर कशानेही बसत नाही. मशीनची टीप असेल तर तसं सांगून विका.

सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका. बाळाची तीन बाय साडेतीन फुटांची गोधडी बारा महिने खपते. समजा, तिला कापड-दोऱ्याचे ३०० रुपये आणि रंग-गॅसचे १०० लागले. हातशिवणीचे तास चौदा. तासाला ६० रुपये धरले तरी ८४० होतात, म्हणजे घरातच किंमत १,२४० झाली. स्टॉलचं भाडं आणि प्रवास वेगळा. दुकानदार आपलं कमिशन कापणार, तेही वेगळं. तरी ‘जुन्या लुगड्यांची तर गोधडी!’ म्हणत गिऱ्हाईक ६०० वर येतं आणि आपण देऊन टाकतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते फ्रान्समध्ये छापलं गेलं. तेव्हा आपल्या मालाला किंमत सांगताना आवाज खाली यायचं कारण नाही. परवडतच नसेल तर आकार लहान करा, टाके विरळ करा, पण तासाचा दर सोडू नका.

आणखी एक काम रोख पैसे देतं, ते म्हणजे गिऱ्हाइकाने आणलेल्या आजीच्या नऊवारीची गोधडी शिवणं. यात कापडाची गुंतवणूक नसते. पण कात्री लावण्याआधी साडीचे फोटो काढा, विरलेल्या जागा समोर दाखवा, काय कापणार ते लिहून घ्या आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. अशा साडीला रंग देण्याच्या फंदात पडू नका. जरीचे काठ अंगाला टोचतात, ते वेगळे काढून परत करा.

कागदपत्रं फारशी नाहीत. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती विनाशुल्क आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात पार्सल पाठवण्याआधी मात्र करसल्लागाराला विचारा. कर्ज-अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे, पण पहिला हंगाम घरच्या पैशांत काढलेला बरा.

विक्रीसाठी नाशिकमधली दिवाळीआधीची प्रदर्शनं, नंतर पुण्याची भीमथडी जत्रा. दुकानात माल ‘विकला की पैसे’ या बोलीवर ठेवत असाल तर नगांची यादी करून सही घ्या आणि महिन्याला जाऊन मोजा. मागणी वाढली की शिवण शेजारणींकडे द्यायची वेळ येते. नगाचा दर ठरवण्याआधी तसाच एक नग स्वतः घड्याळ लावून शिवा आणि तासाचा जो भाव स्वतःला लावलात तोच त्यांनाही द्या. रंगाची कढई मात्र पहिली दोन-तीन वर्षं आपल्याच हाताखाली असू द्या.