दोघांचीच यात्रा : अहमदाबाद, पाटण, आबू

आपल्या समाजाला प्रवासाचे वावडे कधीच नव्हते. व्यापारासाठी मुलूख ओलांडणारे आणि संघ काढून तीर्थक्षेत्री जाणारे आपले पूर्वज. आजही शिखरजी, पालिताणा, शंखेश्वर यांची वाट ज्याने पाहिली नाही असे घर सापडणे कठीण. परंतु या प्रवासांत आपल्याबरोबर कोण असते, हे एकदा आठवून पाहावे. सासू-सासरे, दीर-जावा, नणंदा, त्यांची मुले, आपली मुले. बसच्या पुढच्या बाकावर पुरुषमंडळी, मागे नाश्त्याचे डबे सांभाळणाऱ्या बायका. पती आणि पत्नी एकाच यात्रेला जातात, पण एकत्र क्वचितच असतात. दोघांनीच केलेला प्रवास बहुधा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातला असतो, आणि दुसरा, झालाच तर, साठी उलटल्यावर गुडघ्यांची परवानगी मिळाली म्हणून.

मधल्या तीस वर्षांत संसार नीट चालतो, दुकानही चालते. दोघे बोलतात, नाही असे नाही; पण ते बोलणे मुलांची फी, पाहुण्यांची यादी आणि येणे-देणे यांपुरते उरते. आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर गेल्या पौषात आम्ही उभयता पाच दिवस अहमदाबाद, पाटण आणि आबू पाहून आलो. स्थळांचे सौंदर्य तर सांगायचे आहेच. पण त्या स्थळांनी आम्हाला एकमेकांविषयी जे विचारायला लावले, ते सांगावे म्हणून हा लेख.

निघण्याची तयारी

कापडाच्या व्यापाऱ्याने पौष निवडावा. मार्गशीर्षातली लग्नसराई उरकलेली असते, पौषात मुहूर्त नसतात, आणि गुजरात-राजस्थानात हवा कोरडी व थंड असते. चातुर्मासात अनेक घरे प्रवास टाळतात, तोही प्रश्न उरत नाही. केवळ 14 जानेवारीच्या आसपासचे दिवस सोडावेत. उत्तरायणाच्या पतंगोत्सवात अहमदाबादेत खोली मिळणे अवघड होते.

खरी अडचण मुलांची. चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा, शाळा चालू. मी विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मी चार मुले वाढवली. पाच दिवस दोन नातवंडे सांभाळता येणार नाहीत का मला?" दुकानाच्या किल्ल्या धाकट्या दिरांकडे गेल्या. मुलांना कसलेही आमिष दाखवले नाही. परतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून दाखवली आणि फोन रोज एकदाच, रात्री आठ वाजता, असे ठरवले. तिसऱ्या दिवशी मुलीनेच "आई, ठेवते, अभ्यास आहे" म्हणून फोन ठेवला, तेव्हा घर आपल्यावाचूनही चालते हे कळून बरे वाटले; थोडे लागलेही.

पहिल्या संध्याकाळी तासभर आम्ही फक्त मुलांविषयी आणि दुकानाविषयी बोललो. मग ते विषय संपले. त्यानंतरच्या शांततेची सवय होण्यास एक दिवस लागतो; वाचकांनी घाबरू नये.

अहमदाबाद : शेठाणींचे देरासर

सुलतान अहमदशाहाने 1411 मध्ये वसवलेल्या या शहराला 2017 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहर घोषित केले. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले शहर. जुने अहमदाबाद पायी पाहावे. महानगरपालिकेची वारसा पदयात्रा 1997 पासून चालू आहे. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून ती पोळांतून वाट काढीत 1424 साली पूर्ण झालेल्या जामा मशिदीपर्यंत जाते. पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आतली वस्ती : अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी खांब, ओटे, अंगणाखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके, आणि चौकात खांबावर उभारलेला पक्ष्यांचा चबुतरा. माणसांची घरे एकमेकांना खेटून असूनही पाखरांसाठी जागा राखलेली पाहून आपलीच शिकवण दगड-लाकडात भेटल्यासारखे वाटते. माणेकचौकाची रात्रीची खाऊगल्ली चौविहार पाळणाऱ्यांच्या कामाची नाही. तेथला सराफबाजार मात्र दुपारी अवश्य पाहावा.

दिल्ली दरवाज्याबाहेरचे हठीसिंग देरासर हे या शहरातील आमचे मुख्य ठिकाण. पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचे हे शुभ्र संगमरवरी मंदिर. भोवती बावन्न देवकुलिका. रेशीम आणि अफूच्या व्यापारातून मोठे झालेल्या शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी ते बांधावयास घेतले. काम पुरे होण्यापूर्वीच, वयाच्या 49 व्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी ते पूर्णत्वास नेले आणि 1848 मध्ये प्रतिष्ठा झाली. खर्च सुमारे दहा लाख रुपये, त्या काळचे!

ही हकिकत आपण सारे ऐकून आहोत. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली एक विधवा स्त्री शिल्पींशी, हिशेबनिसांशी, दगडाच्या पुरवठेदारांशी बोलते आहे, अर्धवट शिखराकडे पाहून पुढचा निर्णय घेते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर एक गोष्ट उघड होते. शेठजींच्या मनात काय होते, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. नुसते धन हाती असून असे काम तडीस जात नाही.

मंडपाच्या पायरीवर बसून मी यजमानांना विचारले, "अहो, तुमच्या मनात बांधायचे राहून गेलेले असे काय आहे? उद्या मला पुरे करावे लागले तर कशापासून सुरुवात करू?" ते हसले नाहीत. "विचार करून सांगतो," एवढेच म्हणाले.

पाटण : राणीची वाव आणि दोघांचा माग

अहमदाबादहून पाटण मोटारीने सुमारे तीन तास. वाटेत अडालजची पाच मजली वाव लागते. वाघेला राजा वीरसिंहाची राणी रुडाबाई हिच्या नावाशी जोडलेली ही वाव पंधराव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झाली. युद्धात पती पडल्यावर राणीने ती पुरी करून घेतली आणि मग त्याच पाण्यात देह ठेवला, अशी कथा तेथे सांगतात.

पाटण ही सोळंकी राजांची राजधानी. सिद्धराज जयसिंह, कुमारपाळ आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य यांचे नगर. येथील ज्ञानभांडारांत शेकडो वर्षांची ताडपत्रे जपून ठेवलेली आहेत. मात्र बहुतेक प्रवासी येतात ते राणीची वाव पाहण्यासाठी. भीमदेव पहिला याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने अकराव्या शतकात ती बांधली. जैन आचार्य मेरुतुंग यांनी 1304 च्या सुमारास लिहिलेल्या 'प्रबंधचिंतामणी'त उदयमतीच्या या वावेचा उल्लेख आहे. सुमारे 64 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि 27 मीटर खोल, सात मजले, पाचशेहून अधिक मोठी शिल्पे. सरस्वती नदीच्या गाळात ती शतकानुशतके बुजून गेली होती. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने गाळ उपसून ती मोकळी केली. 2014 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शंभराची जांभळट नोट आपण गल्ल्यात रोज मोजतो. तिच्या मागच्या बाजूस हीच वाव आहे. राजांनी राण्यांसाठी बांधलेली स्मारके जगाला ठाऊक आहेत. येथे पत्नीने पतीचे स्मारक उभारले आणि ते वाटसरूला पाणी देणारे असावे असे ठरवले.

कापडवाल्यांनी पाटणला पटोळ्याचा माग पाहिल्यावाचून परतू नये. पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही सुते आधी बांधून रंगवतात. विणताना प्रत्येक धाग्याचा रंग नेमक्या जागी यावा लागतो. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी, उलटे-सुलटे असे काही नाहीच. एका साडीला महिनोन्‌महिने लागतात आणि किंमत लाखांच्या घरात जाते. यात महाराष्ट्राचाही धागा आहे. पूजेसाठी नवे पटोळे मिळावे म्हणून कुमारपाळ राजाने बाराव्या शतकात जालन्याकडची सातशे साळवी कुटुंबे पाटणला आणून वसवली, अशी परंपरा आहे. आज ही विद्या पाटणमध्ये मोजक्याच घरांत उरली आहे. रेशीम वर्ज्य असलेल्या घरांनी खरेदी करू नये, पण कारागिरी जरूर पाहावी.

माग एका अंगाने कललेला असतो आणि त्यावर दोन माणसे शेजारी बसून एकच वस्त्र विणतात. दर काही ओळींनंतर थांबून दोघे सुईने धागे सारखे करतात, मग पुन्हा विणू लागतात. यजमान बराच वेळ ते पाहत उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपण विणतच गेलो, थांबून धागे कधी पाहिले नाहीत."

आबू : सल्ला देणाऱ्या स्त्रिया

आबूरोड स्थानकापासून डोंगरावरचे आबू 28 किलोमीटर. देलवाड्याच्या मंदिरांत सकाळ पूजेसाठी राखलेली असते. इतर प्रवाशांना दुपारी बारानंतर प्रवेश मिळतो. छायाचित्रे काढता येत नाहीत, आणि ते एका परीने बरेच आहे. डोळ्यांनीच पाहावे लागते.

विमलवसही 1031 सालची. उदयमतीचा पती भीमदेव याचाच मंत्री विमलशाह याने ती बांधली. आबूवर एक कथा सांगतात. विमल आणि श्रीदेवी यांना संतान नव्हते. अंबिकादेवी प्रसन्न झाली. पुत्र किंवा मंदिर, एकच वर मिळेल म्हणाली. दोघे विचार करीत असता एका वावेवर पाणी प्यायला थांबले, तर तेथे एका मुलाने पाण्याचे पैसे मागितले. ही वाव माझ्या पूर्वजाने बांधली आहे, म्हणाला. पूर्वजाचे पुण्य विकणारा वंशज असण्यापेक्षा मंदिर बरे, असे दोघांनी मिळून ठरवले.

लूणवसही 1230 ची. वस्तुपाल-तेजपाल या मंत्रिबंधूंची. पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र यांच्या पुण्यासाठी तेजपालाने हे मंदिर उभारले, असे तेथील शिलालेख सांगतो. अनुपमा ही आबूच्या पायथ्याच्या चंद्रावतीची कन्या. प्रबंधांतील कथा अशी, की बंधू धन पुरायला गेले तर जमिनीतून उलट आणखी धन निघाले. काय करावे म्हणून त्यांनी अनुपमेला विचारले. ती म्हणाली, सर्वांना दिसेल पण कोणी नेऊ शकणार नाही, अशा उंच जागी ते ठेवा. डोंगरमाथ्यावर मंदिरे बांधा. राज्य चालवणाऱ्या दोन मंत्र्यांनी घरातल्या स्त्रीला पैशाविषयी सल्ला विचारला, हे या कथेतले मला सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्या किती पेढ्यांवर असे घडते? गोदामावर कर्ज किती, उधारी कोणाकडे, कोणाला कोणता शब्द दिला आहे, हे अनेक घरांत पत्नीला मुनीमजींकडून कळते, आणि तेही नको त्या प्रसंगी.

त्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून भोजनशाळेच्या बाहेर बसलो असता, यजमानांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले. गावाकडच्या बसथांब्याजवळ त्यांच्या आजोबांनी घातलेली पाणपोई बारा वर्षांपासून बंद आहे. नळ मोडला, टाकी फुटली. शेजारच्या हॉटेलात आता पाण्याची बाटली विकतात. ती पाणपोई पुन्हा सुरू करावी, असे त्यांच्या मनात कित्येक वर्षे होते. "खर्च फार नाही," ते म्हणाले, "पण कोणाला सांगितलेच नाही." मग त्यांनी मला विचारले. लग्नापूर्वी मी वाणिज्य शाखेची दोन वर्षे केली होती; मला दुकानाच्या वह्या समजून घ्यायच्या होत्या. मीही ते कोणाला सांगितले नव्हते. आता दर रविवारी दुपारी एक तास आम्ही वह्या घेऊन बसतो. पाणपोईसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज गेला आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

पाच दिवस पुरतात : दोन अहमदाबादेत, एक अडालज आणि पाटणसाठी, दोन आबूला. परतीची गाडी आबूरोडहून मिळते. एका दिवसात दोनच स्थळे पाहावीत. उरलेला वेळ बसण्यासाठी ठेवावा. जैन भोजनाची या मार्गावर चिंता नाही, परंतु संध्याकाळचा प्रवास सूर्यास्ताचा हिशेब धरून आखावा. आबूसाठी गरम कपडे घ्यावेत. दुकानाचा फोन शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावा. पाच दिवसांत बुडेल असा व्यापार असेल, तर तो तसाही फार काळ टिकणारा नाही.

मुलांना मागे ठेवून जाण्यात अपराध नाही. आजी-आजोबांच्या हाती सोपवलेली मुले चार दिवसांत चार गोष्टी अधिक शिकतात. आई-वडील परस्परांशी मोकळेपणाने बोलतात, हे पाहणे हाही त्यांच्यावरचा एक संस्कारच. पौषाला अजून अवकाश आहे. तिकिटे आधी काढावीत, आणि घरी ते आजच्या भोजनाच्या वेळीच सांगून टाकावे.