कास्टनरची गाडी

शिंडलर हे नाव आता आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. १९९३ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट आला आणि नाझी अधिकाऱ्यांना दारू पाजून, पैसे चारून अकराशेच्या वर ज्यू कामगारांना वाचवणारा हा जर्मन कारखानदार जगभर पोचला. मी आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे, त्यानं शिंडलरपेक्षा अधिक माणसं वाचवली. त्यानंही नाझींशीच व्यवहार केला. त्यालाही यादी करावी लागली. फरक एवढाच, की तो स्वतः ज्यू होता. आणि युद्ध संपल्यावर दहा वर्षांनी इस्रायलमधल्या एका न्यायाधीशानं निकालपत्रात लिहिलं, की या माणसानं आपला आत्मा सैतानाला विकला.

त्याचं नाव रुडॉल्फ कास्टनर. जन्म १९०६ चा, गाव कोलोझ्वार. हे शहर आज क्लुज या नावानं रुमानियात आहे. १९४० ते १९४४ या काळात ते हंगेरीकडे होतं. शिक्षणानं वकील, पेशानं पत्रकार, हुशार, बोलका, थोडा शिष्ट. मोठ्या माणसांत ऊठबस करण्याची हौस असलेला. युद्धकाळात तो बुडापेस्टला आला आणि पोलंड-स्लोव्हाकियातून पळून येणाऱ्या ज्यू निर्वासितांना लपवणाऱ्या, खोटे कागद मिळवून देणाऱ्या एका मदत समितीत काम करू लागला.

हंगेरीतल्या ज्यूंची स्थिती तोवर वाईट होती, पण बहुतेक जण जिवंत होते. १९ मार्च १९४४ ला जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या आणि चित्र पालटलं. अडॉल्फ आइखमान आपली छोटीशी तुकडी घेऊन बुडापेस्टला आला. त्याच्याजवळ माणसं फार नव्हती. गावोगावच्या ज्यूंना हुडकून वीटभट्ट्यांच्या आवारात कोंबण्याचं आणि गाड्यांत चढवण्याचं काम हंगेरीच्याच पोलिसांनी केलं. १५ मे ते ९ जुलै, म्हणजे दोन महिन्यांहूनही कमी काळात, सुमारे चार लाख सदतीस हजार ज्यू हंगेरीतून नेले गेले. जवळजवळ सगळे ऑशविट्झला. त्यातले बहुतेक पोचले त्याच दिवशी विषारी वायूनं मारले गेले. युद्धात जर्मनी हरणार हे तोवर शेंबड्या पोरालाही कळत होतं, तरी हा वेग!

अशा वेळी मूठभर लोकांच्या समितीनं करायचं काय? हातात शस्त्रं नाहीत. तरणी माणसं सैन्याच्या वेठबिगारीत नेलेली. शेजारपाजारचे लोक एक तर तोंड फिरवणारे, नाही तर घराच्या किल्ल्यांवर डोळा ठेवून बसलेले. स्लोव्हाकियात दोन वर्षांपूर्वी नाझींच्या विस्लिसेनी नावाच्या अधिकाऱ्याला लाच दिली होती आणि त्यानंतर गाड्या थांबल्या होत्या. त्या लाचेमुळेच थांबल्या का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण बुडापेस्टच्या समितीला तोच एक धागा दिसत होता, आणि तोच विस्लिसेनी आता हंगेरीत आला होता.

मग सुरू झाली ती घासाघीस. आइखमाननं समितीतल्या योएल ब्रांडला बोलावून सौदा सांगितला : दहा लाख ज्यू घ्या, दहा हजार मालमोटारी द्या. ब्रांड हा निरोप घेऊन इस्तंबूलला गेला, पुढे इंग्रजांनी त्याला अटक केली आणि ते प्रकरण तिथेच बुडालं. दोस्तराष्ट्रं शत्रूला मालमोटारी देणार नव्हतीच. मागे राहिलेल्या कास्टनरनं मात्र बोलणी सोडली नाहीत. दहा लाख नाहीत तर काही हजार, ते नाहीत तर काहीशे, असं करत माणशी सुमारे एक हजार डॉलर या दरानं एक गाडी ठरली. पैसे, सोनं, दागिने सुटकेसांत भरून कुर्ट बेखर या एस.एस. अधिकाऱ्याच्या हवाली केले गेले. बेखर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा यायचं आहे.

३० जून १९४४ च्या रात्री ही गाडी बुडापेस्टहून सुटली. गुरांच्या वाघिणी, आणि आत १,६८४ माणसं. यादी करताना काय काय झालं असेल याची कल्पना करा. दीडशे जागा श्रीमंतांना विकल्या, कारण उरलेल्यांचे पैसे त्यातूनच उभे राहायचे होते. रब्बी होते, विद्वान होते, अनाथ मुलं होती, पोलंडचे निर्वासित होते, झिओनिस्ट तरुण होते. झिओनिस्टांना आयुष्यभर विरोध करणारे सातमारचे रब्बी योएल टाइटेलबाउम होते. ते पुढे न्यूयॉर्कला गेले आणि त्यांचा पंथ तिथे प्रचंड वाढला. आणि कोलोझ्वारची ३८८ माणसं होती. त्यांत कास्टनरची आई, पत्नी, सासरे असे जवळचे नातलगही होते.

वाटेत ऑस्ट्रियात लिंत्स इथे सगळ्यांना निर्जंतुकीकरणासाठी स्नानगृहात नेलं, तेव्हा आपला शेवट आला असं अनेकांना वाटलं. नळांतून पाणीच आलं. पुढे गाडी स्वित्झर्लंडला न जाता बर्गन-बेल्सनच्या छावणीत गेली. ओलीस ठेवल्याशिवाय आइखमान सोडतो थोडाच! अखेर ऑगस्टमध्ये ३१८ जण आणि डिसेंबरमध्ये उरलेले बहुतेक सगळे स्वित्झर्लंडमध्ये पोचले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, यात गुन्हा कुठे आला? तो कोलोझ्वारमध्ये आहे.

एप्रिल १९४४ मध्ये रुडॉल्फ व्रबा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोन स्लोव्हाक ज्यू तरुण ऑशविट्झमधून निसटले. त्यांनी तिथल्या वायुकोठड्यांची, गाड्यांची, मेलेल्यांच्या आकड्यांची तपशीलवार हकीकत लिहवली. ती एप्रिल संपता संपता कास्टनरच्या हाती आली. मेच्या सुरुवातीला तो कोलोझ्वारला गेला. तिथल्या वीटभट्टीत सुमारे अठरा हजार ज्यू कोंबले जात होते. रुमानियाची सरहद्द तिथून चार-पाच किलोमीटरवर होती आणि रुमानियातून त्या वेळी ऑशविट्झला गाड्या जात नव्हत्या. कास्टनर स्थानिक पुढाऱ्यांना भेटला. या अठरा हजारांपर्यंत मात्र ऑशविट्झची हकीकत पोचली नाही. उलट त्यांच्यात बातमी पसरली होती, की आपल्याला केन्येरमेझो नावाच्या ठिकाणी शेतीकामाला नेणार आहेत. हंगेरियन भाषेत या शब्दाचा अर्थ पावाचं शेत, आपण भाकरीचं शेत म्हणू. जागा मिळाली नाही तर काय, या काळजीनं काही माणसं लवकरच्या गाडीत चढली, असं वाचलेल्यांनी पुढे न्यायालयात सांगितलं.

१९५२ साल. कास्टनर इस्रायलमध्ये व्यापार खात्याचा प्रवक्ता झाला होता. जेरुसलेमच्या माल्खिएल ग्रुनवाल्ड नावाच्या म्हाताऱ्यानं एक चक्रमुद्रित पत्रक काढलं. त्याच्या घरातली, नात्यातली कितीतरी माणसं हंगेरीत मारली गेली होती. त्यानं लिहिलं, की कास्टनरनं आपली माणसं वाचवण्यासाठी बाकीच्यांना मरू दिलं. सरकारनं ग्रुनवाल्डवर बदनामीचा खटला भरला. शहाणपण असतं तर ते पत्रक रद्दीत गेलं असतं. पण अधिकाऱ्यावर आरोप झाला की एक तर फिर्याद करायची नाही तर खुर्ची सोडायची, असा तेव्हाच्या महाधिवक्त्याचा आग्रह होता.

१ जानेवारी १९५४ ला खटला सुरू झाला आणि ग्रुनवाल्डचा वकील श्मुएल तामीर यानं तो उलटा फिरवला. फिर्यादीचा साक्षीदारच आरोपी झाला. युद्धानंतर न्यूरेंबर्गला तुम्ही एस.एस.च्या बेखरसाठी अनुकूल साक्ष दिलीत का, असं तामीरनं विचारलं. कास्टनर म्हणाला, नाही. तामीरनं कागद काढून दाखवले : दिली होती. तिथून पुढे कास्टनरच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवेना.

न्यायाधीश बेंजामिन हालेवी यांनी २२ जून १९५५ ला निकाल दिला. त्यांचा विचार असा, की नाझींनी सोडलेल्या त्या काहीशे माणसांची किंमत गप्प राहणं हीच होती. आप्तेष्ट वाचणार म्हटल्यावर पुढाऱ्यांनी तोंड मिटलं आणि हजारो माणसं आंधळेपणानं गाडीत चढली. ग्रुनवाल्डला नाममात्र एक पौंड दंड झाला. निकालावर अपील करायचं की नाही, यावरून मंत्रिमंडळच कोसळलं.

मला स्वतःला हालेवींचा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. करारातली देवघेव दोन मोकळ्या माणसांत होते. एकाच्या हातात चार लाखांचा गळा असताना दुसऱ्यानं जे मान्य केलं, त्याला कराराच्या मापानं मोजता येत नाही. शिवाय, सांगितलं असतं तर माणसं पळाली असती का, हेही गृहीत धरता येत नाही. कुशीत पोरं, घरात म्हातारे आईबाप, आणि ऐकायचं काय, तर आगगाडीतून उतरलेल्या माणसांना कारखान्यासारखं मारतात! किती जणांनी विश्वास ठेवला असता? पण म्हणून सांगायचंच नाही, हेही मला पटत नाही. विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या माणसांचा होता. व्रबानं हा राग शेवटपर्यंत, २००६ मध्ये वारेपर्यंत, सोडला नाही.

शिंडलरला हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो परका होता; त्यानं एकालाही वाचवलं नसतं तरी त्याला कुणी धरलं नसतं, त्यामुळे वाचलेला प्रत्येक जण त्याच्या खात्यावर जमा झाला. कास्टनर घरचा होता. त्याच्या खात्यावर यादीत नसलेलेही मांडले गेले.

मार्च १९५७ मध्ये तेल अवीवमध्ये त्याच्या घरासमोर तीन तरुणांच्या टोळीतल्या एकानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. काही दिवसांनी तो वारला. तिघांना जन्मठेप झाली. १९६३ मध्ये ते सुटले. जानेवारी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हालेवींचा निकाल बहुमतानं बराचसा फिरवला. न्यायमूर्ती शिमॉन अग्रानात यांचं म्हणणं होतं, की त्या माणसाला त्या दिवशी काय ठाऊक होतं आणि त्याचा हेतू काय होता हे पाहायचं. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते त्याच्या डोक्यात घालायचं नाही. बेखरसाठी दिलेली साक्ष मात्र पाचांपैकी कुणालाही क्षम्य वाटली नाही. तो बेखर युद्धानंतर ब्रेमनमध्ये बडा व्यापारी झाला आणि १९९५ मध्ये म्हातारपणी वारला.

१९६१ मध्ये आइखमानवर जेरुसलेमला खटला चालला तेव्हा तीन न्यायाधीशांत हालेवीही होते. कास्टनरचा विषय शक्य तेवढा दूर ठेवण्याची सरकारी वकिलांनी काळजी घेतली होती. पण बुडापेस्टच्या ज्यू मंडळातले फ्रॉइडिगर साक्षीला उभे राहिले आणि प्रेक्षकांतून एक माणूस हंगेरियनमध्ये ओरडू लागला, की तुम्ही आम्हाला धीर देत राहिलात, तुमची माणसं वाचली, आमची गेली. काम थांबवावं लागलं. फ्रॉइडिगर हादरले होते. ते म्हणाले, आम्ही काय करू शकत होतो? जे पळाले, त्यातले निम्मे पकडून मारले गेले.