लोकवर्गणी

गणेशोत्सव जवळ आला, की गल्लीतील मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरू लागतात. देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असो, वाचनालयासाठी पुस्तके घ्यावयाची असोत किंवा पुराने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीस धान्य व कपडे पाठवावयाचे असोत, पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि त्यातून सर्वांचे काम उभे राहावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. अशा रीतीने जमविलेल्या पैशास लोकवर्गणी म्हणतात. देणाऱ्यास आपली रक्कम किरकोळ वाटते. परंतु अशा किरकोळ रकमांतून मोठी संस्था कशी उभी राहते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर पुण्याजवळील हिंगणे येथील आश्रमाची हकीकत पाहावी.

एकोणिसाव्या शतकात मुलींची लग्ने फार लहान वयात होत. दुर्दैवाने पती वारला, तर दहाबारा वर्षांच्या मुलीच्या वाट्यासही वैधव्य येई. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या समाजात अशा मुलींचे केशवपन करीत. त्यांना चांगली वस्त्रे लेण्याची किंवा मंगल कार्यात मिसळण्याची मुभा नसे. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मान्यता मिळाली होती. पण कायदा झाला तरी रूढी हटली नव्हती. शिक्षण नाही आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन नाही, अशा स्थितीत या मुलींचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या घरी राबण्यात जाई.

ही स्थिती पालटावी, म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत धोंडो केशव कर्वे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. कोकणातील मुरूड हे त्यांचे गाव. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला. ज्या गावाच्या हितासाठी त्यांनी पूर्वी मित्रांच्या साहाय्याने निधी उभारला होता, त्याच गावाने या विवाहामुळे त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांनी गावाचा राग धरला नाही. केवळ पुनर्विवाहाने हा प्रश्न सुटणार नाही, विधवांना शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १४ जून १८९६ रोजी त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली.

आश्रम चालवावयाचा, तर पैसा हवा. तो कोठून आणावयाचा? कर्वे श्रीमंत नव्हते. राजाश्रय नव्हता. त्यांनी आपल्याजवळची शिल्लक प्रथम आश्रमास दिली आणि मगच ते लोकांपुढे उभे राहिले. लोककार्याचा हा पहिला नियम होय. जो स्वतः काही देत नाही, त्याच्या मागण्यास वजन येत नाही.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली. शहराबाहेर जागेची आवश्यकता भासू लागली. त्या वेळी रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये आश्रमास दिले. १९०० साली आश्रम त्या माळावर गेला. तेथे जाण्यास धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात वाट चिखलाने भरून जाई. दिवसभर महाविद्यालयात शिकवून सायंकाळी कर्वे पायी हिंगण्यास जात, तेथील मुलींना शिकवीत, व्यवस्था पाहत आणि पुन्हा आपल्या कामावर परतत. जमीन मिळाली, पैसा मिळाला. पण रोजचे हे चालणे कोणी विकत देऊ शकले नसते. पैशाइतकेच श्रमाचे दानही संस्थेस लागते, ते असे.

महाविद्यालयास सुट्टी लागली, की कर्वे वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. त्या काळचा रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा असे. म्हणजे एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. प्रत्येक घरी एकच पैसा मिळाला, तर एक रुपया जमविण्यास चौसष्ट उंबरठे चढावे लागत. कोठे आणा मिळे, कोठे रुपया, तर कोठे नुसताच नकार. त्यांतही या कामाची एक विशेष अडचण होती. ज्या समाजातील पुष्कळांना विधवांचे शिक्षण पसंत नव्हते, त्याच समाजाकडे त्या शिक्षणासाठी पैसा मागावयाचा होता. दाराशी आलेल्या माणसास कोणी पैसा देवो वा न देवो, त्याचे बोलणे तरी त्याला ऐकून घ्यावे लागे. ज्याने एक आणा दिला, त्याने त्या मुलींचा क्षणभर विचार केला. पुढच्या वर्षी तोच मनुष्य आश्रमाची विचारपूस करी. कदाचित आपल्या घरातील एखाद्या विधवा मुलीस तेथे पाठवावे काय, असेही त्याच्या मनात येई. अशा रीतीने वर्गणीबरोबर माणसेही जमत गेली.

दुसऱ्याच्या दारी जाऊन मागणे सोपे नसते. 'ही भीकच नव्हे काय?' असे मनात येऊन मानी मनुष्य संकोचतो. परंतु भिक्षा आणि वर्गणी यांत अंतर आहे. भिक्षा मागणारा स्वतःच्या पोटासाठी मागतो व मिळालेल्या दाण्याचा हिशेब त्याने कोणास द्यावा लागत नाही. वर्गणी मागणारा दुसऱ्यासाठी मागतो आणि पैचा हिशेब देण्यास बांधलेला असतो. हे अंतर ज्याला कळले, त्याचा संकोच गळून पडतो.

पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या कर्व्यांच्या पत्नीच्या भगिनी. तरुणपणीच त्यांना वैधव्य आले. त्या मोठ्या वयात शिकल्या, आश्रमाच्या कामात पडल्या आणि पुढे वर्गणी जमविण्याचे अवघड काम त्यांनी अंगावर घेतले. विधवेने चार माणसांत दिसणेही जेथे अशुभ मानीत, तेथे ही विधवा सभेत उभी राहून भाषण करी आणि आश्रमासाठी मदत मागे. १९१८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे उलटल्यावर, त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी भाषा शिकावी आणि आश्रमासाठी साहाय्य मिळवावे, हा त्यांचा हेतू होता. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून आपला निर्वाह केला. परंतु हाती घेतलेले काम सोडले नाही. दोन वर्षांनी त्या स्वदेशी परतल्या. त्यांनी आपले अनुभव 'माझी कहाणी' या पुस्तकात सांगितले आहेत.

मिळालेला पैसा जपणे हे तर मिळविण्याहूनही जोखमीचे असते. वर्गणी हाती पडताच पावती फाडावी, तिची स्थळप्रत पुस्तकात राहू द्यावी, त्याच दिवशी रक्कम कीर्दीत लिहावी, खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि वर्षाअखेर सर्व जमाखर्च त्रयस्थ माणसाकडून तपासून घ्यावा, ही चांगल्या संस्थेची शिस्त होय. आश्रमाचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होत असत. त्यामुळे दूरच्या गावी राहणाऱ्या वर्गणीदारासही काम कसे चालले आहे, हे कळत असे. एका पैशाची लबाडी उघडकीस आली, तर बुडणारे नुकसान एका पैशाचे नसते. त्या संस्थेवरचाच नव्हे, तर तिच्यासारख्या दहा संस्थांवरचा लोकांचा विश्वास उडतो आणि खऱ्या गरजवंताच्या तोंडचा घास जातो.

काम वाढू लागले, तेव्हा केवळ फावल्या वेळात काम करणारे पुरेनात. म्हणून १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्ममठ नावाची संस्था काढली. निर्वाहापुरते घ्यावे आणि आयुष्य कामास वाहावे, असे व्रत घेतलेले सेवक तिच्याद्वारे मिळाले. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. आज मुंबईत असलेले श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच. एवढी मोठी देणगी लाभण्यापूर्वी जवळजवळ चोवीस वर्षे कर्वे आणा-आणा वेचीत हिंडले होते, हे मात्र विसरू नये. लोकांनी त्या चोवीस वर्षांत त्यांचे काम पारखून घेतले होते.

लक्षावधी रुपये मिळाल्यावरही कर्व्यांनी लहान वर्गणीस कमी लेखले नाही. सत्तरी उलटल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, त्यांनी विद्यापीठाच्या कार्यासाठी परदेशांत प्रवास केला. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाहीत तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी एक मंडळ स्थापले आणि पुन्हा ते घरोघर वर्गणी मागू लागले. १९५८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' हा सन्मान मिळाला. १९६२ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हिंगण्याचा तो माळ आता पुणे शहरात सामावून गेला आहे. त्या भागास कर्वेनगर म्हणतात. झोपडीपासून वाढलेली संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने चालू आहे आणि तेथे हजारो मुली शिकतात. ज्यांच्या पैशांतून ही संस्था उभी राहिली, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

आजही अनाथालये, वाचनालये, रुग्णसेवा करणारी मंडळे यांचे काम लोकवर्गणीवर चालते. महाराष्ट्रात अशा सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करून आपला हिशेब सादर करावा लागतो. तरीही खरी देखरेख वर्गणीदारांचीच असते. पावती मागणे, वर्षाअखेर जमाखर्च वाचणे, केव्हा तरी जाऊन काम डोळ्यांनी पाहणे, यांत संशय नाही. ते वर्गणीदाराचे कर्तव्यच आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्यालाही या कामात वाटा उचलता येतो. वाचनालयाच्या पुस्तकांना वेष्टने घालणे, आलेल्या कपड्यांची वर्गवारी करणे, वृद्धास वृत्तपत्र वाचून दाखविणे, पावत्यांची बेरीज पडताळून पाहणे, ही कामे शाळेतील मुलामुलींनाही करता येतात. पुढच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन कोणी दाराशी आला, तर त्याला नुसते नाणे देऊन वाटेस लावू नये. काम काय आहे, ते कोणासाठी आहे आणि त्यास आणखी हात हवे आहेत काय, हेही त्याला विचारावे.